पौंड पेलायचा तर झारी उचला

इंग्लंडच्या स्टुअर्ट आणि इयान पेटन या जुळ्या भावांच्या भोपळ्याने ऑक्टोबर २०२५मध्ये जागतिक विक्रम मोडला, ही बातमी वाचली असेलच. वजन २,८१९ पौंड ४ औंस. आपण ‘बाप रे’ म्हणतो आणि पान उलटतो, कारण पौंडांचा अंदाज आपल्या हाताला नाही. निम्मे करा, त्यातून दहावा हिस्सा वजा करा, ही तोंडी युक्ती खताच्या गोणीपुरती झकास आहे: ४० पौंडांचे २०, त्यातून २ गेले, १८ किलो. भोपळ्याला लावली तर उत्तर येतं १,२६९ किलो. खरं वजन १,२७८.८. दहा किलो गायब! आधीचा अमेरिकी विक्रम २,७४९ पौंडांचा, म्हणजे चुरस उणीपुरी ३२ किलोंची. त्यातल्या दहांवर कोण पाणी सोडेल? अशा बातम्यांत पौंड टिकून आहेत ते आकडा दुपटीहून मोठा दिसतो म्हणून, असा माझा संशय आहे. ब्रिटिश सरकारने २०२२मध्ये पौंड-औंसांना मोकळीक द्यायचा घाट घातला, तेव्हा मतं कळवणाऱ्यांपैकी ९८.७ टक्के लोक मेट्रिकच्याच बाजूचे निघाले.

आकडेमोडीपेक्षा झारी बरी. १८२४च्या ब्रिटिश कायद्याने गॅलन पाण्यावरच बेतला: ६२ अंश फॅरनहाइटचं दहा पौंड पाणी जेवढी जागा व्यापेल तेवढा. फ्रेंचांनी १७९५मध्ये ग्रॅम ठरवला तोही पाण्यावरूनच, एका घन सेंटिमीटरच्या. म्हणून दोन गॅलनची ब्रिटिश झारी भरली की आत वीस पौंड पाणी. लिटरात नऊ, अर्थात नऊ किलो. नळापासून शेवटच्या वाफ्यापर्यंत ती एका हाताने न्या, चाळणीतून पाणी पायावर सांडू न देता. वीस पौंड म्हणजे किती, हे मनगट बरोबर सांगतं.

घोळ अमेरिकी गॅलनचा. तो ३.७८५ लिटरचा, पाणी जेमतेम ८.३ पौंड. न्यू जर्सीत परसात मेथी लावणाऱ्या मराठी मंडळींनी ब्रिटिश पुस्तकातली गॅलनमागची मात्रा तिथल्या गॅलनमध्ये कालवली, तर द्रावण वीस टक्के तीव्र होतं. खताचं बूच उघडण्याआधी पुस्तक कुठे छापलंय ते पाहावं.