मळवलीची शिळा, फाळक्यांची आगकाडी

लोणावळ्याहून पुण्याकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती मळवलीला. इथे उतरणारे बहुतेक जण कार्ला-भाजे लेणी किंवा लोहगडाच्या वाटेला लागतात. याच परिसरात राजा रविवर्म्याचा छापखाना होता. मुंबईतून तो इथे आला आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. घरोघरच्या देव्हाऱ्यातली लक्ष्मी आणि सरस्वती इथल्या शिळांवरून छापून निघाली.

धुंडिराज गोविंद फाळके लोणावळ्याला आले ते या छापखान्याच्या कामाच्या ओढीने. जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचं कलाभवन झालं होतं, छायाचित्रणाचा धंदा झाला होता, पुरातत्त्व खात्यातली नोकरी सुटली होती. 1906 च्या सुमारास त्यांनी लोणावळ्यात ‘फाळके एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ काढलं. रविवर्मा छापखान्याची कामं त्यांच्याकडे येत. पुढे बिऱ्हाड आणि धंदा दोन्ही दादरला गेले.

शिळाछपाईत प्रत्येक रंगाची शिळा वेगळी असते. एकच कागद पुन्हा पुन्हा, दर वेळी नेमक्या त्याच जागी बसवावा लागतो. तो केसभर सरकला की देवीच्या डोळ्यातलं काळं बुबुळाबाहेर येतं आणि आधीची सारी मेहनत वाया जाते. फाळक्यांच्या चरित्रात लोणावळा-मळवलीचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकला जातो, हे मला पटत नाही. तुकड्यातुकड्याने चित्र उभं करायची, जागा न चुकवायची ही शिस्त पुढे त्यांनी कॅमेऱ्यासमोर नेली.

‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा रोवला. मोड फुटण्यापासून वेल चढेपर्यंत महिन्याहून जास्त दिवस ते थोडंथोडं टिपत राहिले. पडद्यावर ते सारं जेमतेम मिनिटभर चाललं. ही ‘अंकुराची वाढ’ पाहून पैसेवाल्यांचा विश्वास बसला.

1914 मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि नाशिकला त्यांच्या कंपनीला पैशाची चणचण भासू लागली. मोठे पौराणिक चित्रपट झेपेनात तेव्हा फाळके छोट्या पटांकडे वळले. 1915 चा ‘आगकाड्यांची मौज’ त्यातलाच. एमिल कोलने फ्रान्समध्ये 1908 मध्येच काड्या पडद्यावर चालवल्या होत्या. आपल्याकडे तो मान फाळक्यांचा. कॅमेरा पक्का बसवायचा, काड्या मांडायच्या, एक चौकट टिपायची. काडी किंचित सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, पुन्हा एक चौकट. त्या काळी सेकंदाला साधारण 16 चौकटी धरल्या, तर मिनिटभराच्या मौजेसाठी हजाराच्या आसपास वेळा हात पुढे न्यायचा आणि मागे घ्यायचा. मध्ये टेबलाला धक्का लागला की काडी पडद्यावर उडी मारणारच. ‘लक्ष्मीचा गालिचा’त त्यांनी नाणी अशीच हलती केली.

आपल्या ॲनिमेशनची सुरुवात कित्येकदा 1956 पासून, फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागापासून सांगतात. राम मोहन यांच्यासारखे कलावंत तिथे घडले, हे खरंच मोठं काम. पण त्याआधी, 1934 मध्ये, पुण्याच्या प्रभातने ‘जंबूकाका’ हा कार्टूनपट काढला होता, आणि त्याच्याही आधी फाळके होते.

‘आगकाड्यांची मौज’ आज पाहायला मिळत नाही. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या फाळक्यांच्याच पटाचे काही तुकडे मात्र शिल्लक आहेत. त्यात ते नटांना दिग्दर्शन करताना दिसतात आणि फिल्मची पट्टी हातात धरून स्वतः जोडकाम करतानाही.