कंट्री कुणाचं, सोल कुणाचं?

कंट्री गोऱ्यांचं, सोल कृष्णवर्णीयांचं आणि रॉक अँड रोल एल्व्हिस प्रेस्लीचं. ही वाटणी इतक्या वेळा छापली आणि बोलली गेली आहे, की अमेरिकी संगीत आवडीनं ऐकणारेही ती तपासायला जात नाहीत. ती चुकीची आहे. कलावंतांनी ती केलीच नव्हती. केली ती रेकॉर्ड विकणाऱ्या कंपन्यांनी. १९२० च्या दशकात दक्षिणेतल्या राज्यांत फिरून गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या या कंपन्यांनी कृष्णवर्णीय गायकांच्या तबकड्या ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणून विकल्या आणि डोंगराळ भागातल्या गोऱ्यांच्या ‘हिलबिली’ म्हणून. दोन्ही याद्यांमागची माणसं बऱ्याचदा तीच असत. राल्फ पीअरनं दोन्हींसाठी काम केलं, आणि १९२७ च्या उन्हाळ्यात ब्रिस्टल या गावी कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांची पहिली ध्वनिमुद्रणंही त्यानंच केली. कंट्री संगीताचा इतिहास सहसा या ब्रिस्टलपासून सांगतात. पुढे ‘रेस’ हा शब्द खटकू लागला तेव्हा १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकानं त्या जागी ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे नाव घेतलं. ते तिथल्या जेरी वेक्सलरनं सुचवलं होतं. नाव बदललं, भिंत तशीच राहिली.

गैरसमज: कंट्रीत कृष्णवर्णीय नव्हतेच

कंट्रीची ओळख सांगणारं वाद्य म्हणजे बँजो. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत आपल्या मूळ वाद्यांच्या आठवणीतून ते घडवलं. ब्रिस्टलला गायलेल्या कार्टर कुटुंबाचा प्रमुख ए. पी. कार्टर जुनी गाणी गोळा करत गावोगाव हिंडायचा. त्याच्यासोबत पुढे लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक असायचा. कार्टर शब्द उतरवून घ्यायचा आणि रिडल चाल डोक्यात साठवायचा. त्या गाण्यांतल्या किती चाली आज आपल्या कानापर्यंत आल्या त्या रिडलच्या स्मरणशक्तीमुळे! त्याचं नाव मात्र तबकडीवर नाही. हँक विल्यम्सला गिटार शिकवणारा ‘टी-टॉट’ म्हणजे रुफस पेन हा अलाबामातला कृष्णवर्णीय रस्त्यावरचा वादक. जिमी रॉजर्सच्या ‘ब्लू योडल नंबर ९’ या १९३० च्या ध्वनिमुद्रणात ट्रम्पेट वाजतो तो लुई आर्मस्ट्राँगचा, आणि पियानोवर आहे लिल हार्डिन आर्मस्ट्राँग.

सगळ्यात जास्त चुटपुट लावते ती डीफोर्ड बेलीची कथा. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवरून ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कंट्रीचा सर्वांत मानाचा कार्यक्रम आजही होतो. डिसेंबर १९२७ मध्ये निवेदक जॉर्ज हे यानं त्याचं बारसं केलं, त्या रात्री रेडिओवर नुकताच पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम संपला होता. लगेच बेलीनं हार्मोनिकावर धावती आगगाडी उभी केली आणि ‘ग्रँड ऑपेरा’वर कोटी करत हे नाव निवेदकाच्या तोंडून निघालं. म्हणजे कंट्रीच्या गाभाऱ्यात पहिल्या दिवसापासून एक कृष्णवर्णीय कलावंत उभा होता. सहकाऱ्यांबरोबर दौऱ्यावर जाताना मात्र त्यांच्या हॉटेलात त्याला खोली मिळत नसे. १९४१ मध्ये त्याला कार्यक्रमातून काढलं, आणि त्यानं नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचा व्यवसाय करून पोट भरलं. १९८२ मध्ये तो गेला. कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा मिळाली २००५ मध्ये.

चार्ली प्राइडला कंट्रीतला ‘पहिला’ कृष्णवर्णीय कलावंत म्हणतात, ते म्हणूनच खरं नाही. त्याचं मोठेपण वेगळ्या ठिकाणी आहे. १९६६ मध्ये त्याची सुरुवातीची गाणी कंपनीनं रेडिओ केंद्रांना फोटोशिवाय पाठवली होती, आणि पाचच वर्षांनी, १९७१ मध्ये, कंट्री म्युझिक असोसिएशननं त्याला वर्षाचा सर्वोत्तम कलावंत ठरवलं.

गैरसमज: सोलच्या स्टुडिओत सगळे कृष्णवर्णीय

मेम्फिसच्या मॅकलेमोर ॲव्हेन्यूवरच्या एका बंद पडलेल्या चित्रपटगृहात स्टॅक्स कंपनीचा स्टुडिओ होता. ओटिस रेडिंग, सॅम अँड डेव्ह, एडी फ्लॉइड तिथले. कंपनी काढली होती जिम स्टुअर्ट आणि एस्टेल ॲक्स्टन या गोऱ्या भावंडांनी. दोघांच्या आडनावांची पहिली दोन-दोन इंग्रजी अक्षरं जोडून ‘स्टॅक्स’ झालं. स्टुअर्ट दिवसा बँकेत नोकरी करायचा आणि कंट्री बँडमध्ये फिडल वाजवायचा. यंत्रसामग्रीसाठी ॲक्स्टननं स्वतःचं घर गहाण ठेवलं. इथला घरचा वाद्यवृंद म्हणजे बुकर टी. अँड द एमजीज. ऑर्गनवर बुकर टी. जोन्स आणि ड्रमवर अल जॅक्सन हे कृष्णवर्णीय, तर गिटारवर स्टीव्ह क्रॉपर आणि पुढे बासवर आलेला डोनाल्ड ‘डक’ डन हे गोरे.

स्टुडिओत एकत्र वाजवणाऱ्या या मंडळींना शहरात एका टेबलाशी बसणं अवघड होतं. त्यांना बसता यायचं ते लॉरेन मोटेलमध्ये. १९६५ मध्ये विल्सन पिकेट आणि क्रॉपर यांनी ‘इन द मिडनाइट अवर’ तिथेच रचलं. एडी फ्लॉइड आणि क्रॉपर यांचं ‘नॉक ऑन वुड’ही तिथलंच. याच मोटेलच्या सज्जात ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. स्टॅक्समधला जुना मोकळेपणा त्यानंतर परतला नाही.

अलाबामातल्या मसल शोल्सचंही असंच. पर्सी स्लेज, विल्सन पिकेट, अरीथा फ्रँकलिन यांच्यामागे वाजवणारे तिथले रॉजर हॉकिन्स, डेव्हिड हूड, जिमी जॉन्सन आणि बॅरी बेकेट हे चौघेही गोरे होते. जानेवारी १९६७ मध्ये अरीथाला मसल शोल्सला नेलं ते त्याच जेरी वेक्सलरनं. तिथे भांडण झालं, काम अर्धवट राहिलं, म्हणून तिथल्या वादकांना न्यूयॉर्कला बोलावून घेतलं गेलं. ‘रिस्पेक्ट’ ध्वनिमुद्रित झालं १४ फेब्रुवारीला.

आणि ‘रिस्पेक्ट’ अरीथानं लिहिलेलं नाही. ते ओटिस रेडिंगचं, १९६५ चं. त्याच्या गाण्यात कामावरून घरी येणारा पुरुष बायकोकडे मान मागतो. अरीथानं मागणारी बाई केली, एकेक अक्षर सुटं उच्चारून मान मागणारा भाग नव्यानं घातला, मागे आपल्या बहिणींना उभं केलं, आणि गाणं कायमचं तिचं झालं. माझ्या मते दुसऱ्याचं गाणं आपलं कसं करावं याचा याहून मोठा दाखला नाही.

गोरे वादक होते म्हणून सोल गोऱ्यांचंही होतं, असा उलटा निष्कर्ष मात्र कुणी काढू नये. तो आवाज कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून आला आहे. अरीथा स्वतः धर्मोपदेशकाची मुलगी. सांगायचं आहे ते एवढंच, की ये-जा दोन्ही बाजूंनी होती. रे चार्ल्स लहानपणी रेडिओवर ‘ग्रँड ओल ऑप्री’ ऐकायचा. १९६२ मध्ये त्यानं कंट्री गाण्यांचा अख्खा अल्बम काढला आणि डॉन गिब्सनचं ‘आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू’ पाच आठवडे बिलबोर्ड यादीच्या शिखरावर ठेवलं.

गैरसमज: रॉक अँड रोल एल्व्हिसनं शोधलं किंवा चोरलं

शोधलं नाही, हे सहज दाखवता येतं. सिस्टर रोझेटा थार्प १९४४ मध्येच इलेक्ट्रिक गिटारवर गॉस्पेल अशा जोशात गात होती, की पुढच्या पिढीचे रॉकवाले तिच्याकडून शिकले. ‘रॉकेट ८८’ हे जॅकी ब्रेन्स्टन आणि आइक टर्नरच्या बँडचं गाणं १९५१ चं. वाटेत बिघडलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये कागद कोंबून वाजवल्यामुळे त्यातल्या गिटारला खरखरीत नाद आला. चक बेरीच्या ‘मेबेलिन’चं मूळ तर ‘आयडा रेड’ या फिडलवरच्या कंट्री गाण्यात आहे! आणि एल्व्हिसची १९५४ ची पहिली तबकडी पाहा: एका बाजूला आर्थर क्रुडपचं ब्लूज, दुसऱ्या बाजूला बिल मन्रोचं ब्लूग्रास.

‘चोरलं’ म्हणणारे ‘हाउंड डॉग’चं उदाहरण देतात. ते गाणं लिहिलं जेरी लायबर आणि माइक स्टोलर या एकोणीस वर्षांच्या दोन गोऱ्या ज्यू मुलांनी, खास बिग मामा थॉर्नटनसाठी. तिचं गाणं १९५३ मध्ये सात आठवडे ऱ्हिदम अँड ब्लूज यादीत पहिलं होतं. एल्व्हिसनं १९५६ मध्ये उचललं ते लास व्हेगासमधल्या फ्रेडी बेलच्या बँडचं शब्द बदललेलं रूप. अन्याय झालाच, पण तो थॉर्नटनच्या पैशांचा. तिच्या सांगण्यानुसार तिला एकूण ५०० डॉलर मिळाले.

आणखी काही

लग्नसमारंभात वाजणारं ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ मुळात व्हिटनी ह्यूस्टनचं नाही आणि लग्नाचं तर नाहीच. डॉली पार्टननं ते १९७३ मध्ये सहगायक पोर्टर वॅगनरची साथ सोडताना निरोप म्हणून लिहिलं. एल्व्हिसला ते गायचं होतं, पण त्याच्या व्यवस्थापकानं प्रकाशन हक्कांतला निम्मा वाटा मागितला आणि डॉलीनं नकार दिला. १९९२-९३ मध्ये व्हिटनीच्या आवाजात ते चौदा आठवडे पहिलं राहिलं, तेव्हा त्या नकाराचं मोल सगळ्यांना कळलं.

जॉनी कॅशनं कधीही तुरुंगवासाची शिक्षा भोगली नाही. किरकोळ गुन्ह्यांत एखादी रात्र कोठडीत, एवढंच. ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ त्याला सुचलं ते जर्मनीत हवाई दलात असताना पाहिलेल्या चित्रपटावरून, आणि त्याची चाल व बरेचसे शब्द गॉर्डन जेंकिन्सच्या गाण्यातले आहेत. त्याबद्दल कॅशला भरपाई द्यावी लागली. खरी शिक्षा भोगली कंट्री गायक मर्ल हॅगर्डनं. कॅशनं सॅन क्वेंटिन तुरुंगात कार्यक्रम केला तेव्हा तो समोर कैद्यांत बसला होता.

‘कंट्री रोड्स’ गाणारा जॉन डेन्व्हर वेस्ट व्हर्जिनियाचा नव्हे, न्यू मेक्सिकोत जन्मलेला. गाण्याची सुरुवात झाली ती मेरीलँडमधल्या एका रस्त्यावर.

ही सगळी गाणी आज फोनवर सहज सापडतात. जोडीजोडीनं ऐका: आधी थॉर्नटन, मग एल्व्हिस, आधी ओटिस, मग अरीथा, आधी डॉली, मग व्हिटनी. आणि गायकाच्या नावाखाली बारीक अक्षरांत गीतकार आणि वादकांची नावं असतील, तर तीही वाचा.