दुकानाची वही न्यायालयात

मालवण तालुक्यातील कट्टा हे कसाल-मालवण मार्गावरील बाजाराचे गाव. कोकणातील अशा पेठांत उधारीचा व्यवहार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. आंबा-काजूचे पैसे हाती आले की बाकी चुकती होते. तोपर्यंत आधार असतो तो दुकानाच्या वहीचा.

समजा, अशा पेठेतील एक दुकानदार अकस्मात निवर्तला आणि वहीत नावे टाकलेली रक्कम गिऱ्हाइकाने नाकारली. दुकानदाराच्या पत्नीने ती देवघेव पाहिलेली नाही. 'वहीत असे लिहिले आहे' एवढेच ती सांगू शकते. पण ऐकीव गोष्ट पुरावा मानू नये, हा न्यायालयाचा नियम आहे, कारण मूळ सांगणाऱ्याची उलटतपासणी घेता येत नाही. मग ही वही निरुपयोगी ठरते काय?

तसे नाही. 1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमाने या नियमाला अपवाद ठेवले. धंद्याच्या नित्यक्रमात नोंद करणाऱ्यापुढे त्या वेळी तंटा नसतो. म्हणून खोटे लिहिण्याचे कारणही सहसा नसते. अधिनियमातील एक उदाहरण बोलके आहे. मुंबई बंदरातून जहाज अमुक दिवशी सुटले की नाही, असा प्रश्न आहे. जहाज भाड्याने घेणाऱ्या पेढीच्या दिवंगत भागीदाराने लंडनच्या व्यापाऱ्यांना तसे कळविलेले पत्र तेथे ग्राह्य ठरते. 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही तरतूद कलम 26 मध्ये, तर हिशेबवह्यांची कलम 28 मध्ये कायम आहे. तेव्हा हस्ताक्षर पतीचेच आहे, असे ते ओळखणाऱ्या पत्नीने शपथेवर सांगितल्यास वही न्यायालयापुढे येऊ शकते.

मात्र वही पुढे आली म्हणजे दावा जिंकला, असे समजू नये. केवळ हिशेबवहीतील नोंदीवरून कोणावरही देण्याचा बोजा टाकता येत नाही, असे कलम 28 स्पष्ट सांगते. हे रास्तच आहे. नाहीतर कोणीही आपल्या घरी वही लिहून शेजाऱ्याकडून वसुली केली असती! 1998 मध्ये व्ही. सी. शुक्ला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर भर दिला आणि सुटे कागद म्हणजे हिशेबवही नव्हे, असेही ठरविले. म्हणून गिऱ्हाइकाची सही, माल पोचल्याची चिठ्ठी, मध्यंतरी जमा झालेली रक्कम यांचे मोल मोठे. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षे असते. मुदतीच्या आत ऋणकोने बाकी मान्य करून लेखी सही दिल्यास ती नव्याने मोजली जाते. ही सही मागण्याचा संकोच कित्येकांना महागात पडतो.

शाळेच्या जनरल रजिस्टरचीही गत काहीशी अशीच. त्यातील जन्मतारीख ग्राह्य असली, तरी ती कोणाच्या माहितीवरून लिहिली हे सिद्ध न झाल्यास तिला फारसे वजन राहत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1988 चा निर्णय आहे.

आता अनेक दुकानांचे हिशेब संगणकावर असतात. कलम 28 त्यांनाही लागू आहे; परंतु छापील उतारा दाखल करताना कलम 63 खालील प्रमाणपत्र जोडावे लागते. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये, तेव्हाच्या कायद्यानुसार, असे प्रमाणपत्र अनिवार्य ठरविले होते. नव्या अधिनियमात त्याचे दोन भाग आहेत: एक संगणकाची व्यवस्था पाहणाऱ्याने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने.