ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

इंग्रजीत 'गिफ्ट' म्हणजे भेट. जर्मन भाषेत हाच शब्द विषाचा वाचक आहे. स्वीडिश भाषेत तर त्याचे 'विष' आणि 'विवाहित' असे दोन्ही अर्थ होतात. मूळ धातू एकच, 'देणे'. वापराच्या वाटा मात्र निराळ्या झाल्या.

अशी उदाहरणे शोधण्यासाठी युरोपात जाण्याची गरज नाही. वाळूज औद्योगिक वसाहतीलगतच्या बजाजनगरात शाळेचा आणि बाजाराचा व्यवहार मराठीत चालतो. प्रवचन मात्र पुष्कळदा हिंदीतून किंवा गुजरातीतून कानी पडते. त्यातील संस्कृत-प्राकृत शब्द ओळखीचे वाटतात आणि तेथेच फसगत होते.

शास्त्रांतील चार कषाय घ्या : क्रोध, मान, माया, लोभ. मराठीत 'मान' म्हणजे आदर, 'माया' म्हणजे आईचा जिव्हाळा. आणि पत्राच्या शेवटी तर आपण 'लोभ असावा' अशी विनंती करतो. शास्त्रात मान म्हणजे अहंकार, माया म्हणजे कपट आणि लोभ म्हणजे हाव. चार वैऱ्यांपैकी तिघे मराठीत आप्तांच्या वेशात वावरतात.

त्यांवरील उपायांचेही तसेच आहे. तत्त्वार्थसूत्रातील दशधर्मांपैकी क्षमा, मार्दव, आर्जव आणि शौच हे पहिले चार अनुक्रमे या चार कषायांना आवरतात. मराठीत 'आर्जव' म्हणजे विनवणी. शास्त्रात मन, वचन आणि काया यांचा सरळपणा. 'शौच' शब्दावर मुले हसतात. तेथे तो निर्लोभ मनाची शुचिता सांगतो.

सर्वांत मोठा घोटाळा 'राग' या शब्दाचा. मराठी कानाला 'वीतराग' म्हणजे ज्याचा संताप शमला तो. शास्त्रात राग म्हणजे आसक्ती. संताप हा द्वेषाच्या बाजूचा. त्यामुळे 'राग-द्वेष' ही जोडी मराठीत एकाच अर्थाची पुनरुक्ती वाटते आणि आसक्ती दृष्टीआड होते. गिऱ्हाइकावर कधीही न चिडणारा व्यापारी स्वतःला रागमुक्त मानू लागतो. गल्ल्यात आणि नफ्यात गुंतलेले मन मात्र तसेच राहते. वहीत जमेची बाजू मांडून नावेची बाजू कोरी ठेवावी, तसा हा हिशेब होतो.

मराठीतील अर्थ चुकीचे नाहीत; ते आपल्या घरचेच आहेत. मात्र पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात मुलांकडून पाठ म्हणवून घेताना प्रत्येक शब्दाचा शास्त्रातील अर्थही समजावून सांगावा. आपण कोणता दोष सोडण्याचा संकल्प करीत आहोत, हे त्यांना तेव्हाच उमगेल.