मशीनमध्ये पाणी भरत नाही? आधी टाकीकडे बघा



गुरुवारची पालखी झाली की शुक्रवारी आमच्या गटाच्या खोलीत शिर्डीतल्या लॉजच्या चादरी, अभ्रे, टॉवेल यांचे गठ्ठे येऊन पडतात. रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा असला की पाय ठेवायला जागा नसते. या धुण्यासाठीच गटानं कर्ज काढून ऑटोमॅटिक मशीन घेतलं. आणि नेमकं गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ते नुसतं गुणगुणत बसलं. आत पाण्याचा थेंब नाही. कारागीर आला, व्हॉल्व्ह बदलला, पैसे घेऊन गेला. चार दिवसांनी पुन्हा तेच! त्या महिन्याचा हप्ता आम्ही बचतीतून भरला.

खरं तर मशीन बिघडलंच नव्हतं. पाणी त्याच्यापर्यंत जोरानं पोचत नव्हतं. तुमच्याकडे असं झालं तर काय बघायचं, ते आज सांगते.

नळ उघडा आहे का, मशीन मागे सरकवताना पाइप दुमडला का, झाकण नीट लागलं का, हे आधी बघा. हसू नका, आमच्याकडे एकदा नळच बंद होता. पडद्यावर अक्षरं आली तरी घाबरू नका. एलजीच्या मशीनवर ‘आयई’, सॅमसंगच्या मशीनवर ‘फोर ई’ किंवा ‘फोर सी’ दिसलं, तर त्याचा अर्थ एवढाच की ठरलेल्या वेळात पाणी आलं नाही.

वरून उघडणारं मशीन असेल तर बादलीनं पाणी ओता आणि सुरू करा. कपडे फिरायला लागले, तर मोटर ठीक आहे आणि अडचण पाणी येण्याच्या वाटेवर आहे. (सेमी-ऑटोमॅटिकला तर पाणी आपणच सोडतो, त्यामुळे तिथं निम्मी भानगड नसतेच.)

आता प्लग काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लगच काढा. नळ बंद करून मशीनच्या मागचा पाइप सोडवा, त्याचं तोंड बादलीत धरा आणि नळ सोडा. दहा लिटरची बादली भरायला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला, तर पाण्याला जोर नाही, असा माझा अडाखा आहे.

पाइप जिथं बसतो तिथं बोटाच्या पेरापेक्षा लहान जाळी असते. पकडीनं हलकेच ओढली की निघते. बोअरचं पाणी वापरत असाल तर तिच्यावर पांढरा थर आणि बारीक रेती सापडेल. कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून अर्धा तास भिजत ठेवा आणि जुन्या टूथब्रशनं घासा. जाळी परत बसवाच. ती नसली तर रेती थेट व्हॉल्व्हमध्ये जाते. पाइप लावताना आतला रबरी वायसर जागेवर आहे ना, तेही बघा.

जाळी साफ करूनही आमचं मशीन अडलंच. तेव्हा कुठं टाकीकडे लक्ष गेलं. व्हॉल्व्हच्या आत रबराचा पडदा असतो. विजेनं त्याचं फक्त बारीक छिद्र उघडतं, पडदा उचलायचं काम पाण्याचा दाबच करतो. दाब कमी असेल तर नवा व्हॉल्व्हही गुणगुणत राहतो. मशीनच्या पुस्तिकेत किमान दाब छापलेला असतो. काहींत तो ०.३ बार असतो, काहींत त्याहून जास्त. ०.३ बार म्हणजे टाकीतलं पाणी मशीनच्या तोंडापासून दहा फूट उंच हवं. आमची टाकी न्हाणीच्या स्लॅबवर, जेमतेम पाच फुटांवर. त्यात आमचा शहाणपणा असा, की पाणी कमी पडतंय म्हणून पाचशे लिटरची टाकी काढून तिथंच हजार लिटरची ठेवली! दाब टाकीच्या आकारानं वाढत नाही, उंचीनं वाढतो. टाकी भरलेली असताना मशीन चालतं आणि अर्धी झाली की अडतं, असं होत असेल तर दुखणं हेच समजा.

शेवटी आम्ही टाकी गच्चीवर नेली. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, तेव्हा जागा गवंड्याला दाखवूनच ठरवा. ते जमत नसेल तर टाकीनंतरच्या पाइपावर छोटा प्रेशर पंप बसवता येतो. गावाच्या नळाच्या लाइनीवर मात्र पंप लावू नका, शेजारणीचं पाणी ओढलं जातं.

एवढं करूनही पाणी येत नसेल तर व्हॉल्व्ह किंवा वायरिंग बघावं लागेल. ते काम कारागिराचं, आपण हात घालायचा नाही. फोनवरच त्याला सांगा, “दादा, नळाला जोर आहे, जाळी साफ केली आहे, वरून पाणी ओतलं की मशीन फिरतं.” आणि त्यानं सुटा भाग बदलला तर जुना मागून घ्या.