याची टोपी त्याच्या डोक्यावर? एका क्रेडिट कार्डाचे देणे दुसऱ्या कार्डाने फेडण्याचे गणित

बेंगळुरू : एका क्रेडिट कार्डाचे थकलेले बिल दुसऱ्या क्रेडिट कार्डाने भरता येते का, आणि येत असल्यास त्यातून कर्जदाराचा भार खरोखर हलका होतो का? दोन-तीन कार्डे बाळगणाऱ्या नोकरदार कुटुंबांत हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. थेट भरणा बहुतेक ठिकाणी शक्य नसतो. आडवाटा मात्र अनेक आहेत, आणि त्यांपैकी मोजक्याच हिताच्या आहेत.

बेंगळुरूच्या शिवाजीनगर भागात कमर्शियल स्ट्रीटवरील कापडाची दुकाने, ज्वेलर्स स्ट्रीटवरील सराफी पेढ्या आणि १९२७ साली उभारलेले रसेल मार्केट एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. अशा बाजारपेठांत सणासुदीची वा लग्नसराईची खरेदी कार्डावर सहज होते. बिल पुढे काही दिवसांनी येते आणि ते पूर्ण भरता आले नाही, की दुसऱ्या कार्डाकडे हात वळतो.

थकबाकी महाग का पडते?

क्रेडिट कार्डाचे व्याज साधारणतः महिन्याच्या दराने सांगितले जाते. अनेक कार्डांवर तो दर ३.५ टक्के किंवा त्याहून थोडा अधिक, म्हणजे वर्षाला सुमारे ४२ टक्के असतो. या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा करही लागतो. एक लाख रुपयांच्या थकबाकीवर महिन्याचे व्याज ३,५०० रुपये आणि कर ६३० रुपये, असे एकूण ४,१३० रुपये होतात. त्या महिन्यात ग्राहकाने पाच हजार रुपये भरले, तरी मुद्दल अवघे ८७० रुपयांनी घटते. ‘किमान देय रक्कम’ भरल्याने विलंब शुल्क टळते, कर्ज मात्र जवळपास तसेच उरते.

याखेरीज, बिल पूर्ण न भरल्यास व्याजमुक्त कालावधीची सवलत संपते. त्यानंतर त्याच कार्डावर केलेल्या नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज आकारले जाते. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने वा वर्षानुवर्षे लांबेल, असा इशारा बिलावर छापणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे.

मार्ग पहिला : रोख उचल

दुसऱ्या कार्डावर एटीएममधून रोख रक्कम काढून पहिल्या कार्डाचे बिल भरणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत तोट्याची वाट होय. रोख उचलीवर व्याजमुक्त कालावधी मिळत नाही. शिवाय साधारण अडीच टक्के शुल्क आणि त्यावर कर लागतो. एक लाख रुपये अशा रीतीने उचलल्यास २,९५० रुपये आरंभीच जातात आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होते. महिनाअखेरीस देणे १,०७,०८० रुपयांवर पोहोचते. पहिल्याच कार्डावर थकबाकी राहू दिली असती, तर ते १,०४,१३० रुपये झाले असते. देणे फिरवण्यासाठी २,९५० रुपये खर्चूनही व्याजाचा दर तोच राहतो.

मार्ग दुसरा : दुकानातील ‘फिरवाफिरवी’

काही मध्यस्थ आपल्या यंत्रावर कार्ड स्वाइप करून घेतात, खोटी खरेदी दाखवतात आणि दोन-तीन टक्के दलाली कापून रोख रक्कम देतात किंवा ग्राहकाचे बिल परस्पर भरतात. बिल भरले, की मर्यादा मोकळी होते आणि तेच कार्ड पुन्हा स्वाइप केले जाते. बँकेच्या दृष्टीने हा व्यवहार खरेदीचा दिसत असल्याने त्यावर काही आठवडे व्याज लागत नाही. हाच या मार्गाचा मोह आहे.

हिशेब वार्षिक मांडला, की हा मोह ओसरतो. दरमहा अडीच टक्के दलाली दिल्यास एक लाखावर वर्षाकाठी तीस हजार रुपये जातात आणि मुद्दलातील एक रुपयाही फिटत नाही. दुकानातील यंत्रावरून रोख रक्कम देण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या सुविधेत क्रेडिट कार्डाचा समावेश नाही. खोट्या खरेदीचा संशय आल्यास बँक कार्ड गोठवू शकते, आणि तसे झाल्यास फिरते चक्र एका क्षणात थांबून सारी रक्कम एकदम अंगावर येते. आणखी एक धोका प्राप्तिकराचा. वर्षभरात एका व्यक्तीने कार्डबिलांपोटी रोखीने एक लाख वा अन्य मार्गांनी दहा लाख रुपये किंवा त्याहून अधिक भरणा केल्यास त्याची माहिती कार्ड देणाऱ्या बँकेला प्राप्तिकर विभागास कळवावी लागते. तीच रक्कम पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्याचा भरणा कागदोपत्री त्याच्या उत्पन्नाहून मोठा दिसू शकतो.

मार्ग तिसरा : बॅलन्स ट्रान्स्फर

अधिकृत मार्ग बॅलन्स ट्रान्स्फरचा, म्हणजे थकबाकी हस्तांतराचा. यात दुसरी बँक पहिल्या बँकेची थकबाकी स्वतः भरते आणि ती रक्कम आपल्या कार्डावर कमी दराने, बहुधा मासिक हप्त्यांत वसूल करते.

समजा, एक लाख रुपये दोन टक्के प्रक्रिया शुल्कावर आणि घटत्या शिलकीवरील महिना दीड टक्का व्याजाने बारा हप्त्यांसाठी हस्तांतरित केले. हप्ता सुमारे ९,१७० रुपयांचा होईल. व्याज, शुल्क आणि दोहोंवरील कर मिळून वर्षाचा खर्च सुमारे १४,२०० रुपये. हीच रक्कम जुन्या कार्डावर साडेतीन टक्के दराने वर्षभरात फेडायची झाल्यास दरमहा सुमारे १०,७०० रुपये भरावे लागतील आणि खर्च सुमारे २८,८०० रुपये होईल. म्हणजे खर्च जवळपास निम्म्यावर येतो.

मात्र हा लाभ सशर्त आहे. काही योजनांत आरंभीचे दोन-तीन महिने व्याज शून्य असते आणि त्यानंतर नेहमीचा दर लागू होतो. हप्ता चुकल्यास सवलत जाऊ शकते, तर मुदतपूर्व फेडीवर शुल्क असू शकते. सर्वांत मोठा धोका मोकळ्या झालेल्या जुन्या कार्डाचा. त्यावर पुन्हा खरेदी सुरू झाली, की एका कर्जाची दोन कर्जे होतात.

जुने खत, नवे खत

महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. १८५९ च्या मुदत कायद्याने कर्जरोख्यांची मुदत तीन वर्षांवर आणली, तेव्हा दख्खनमधील सावकार दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेऊ लागले. थकलेले व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून दाखल होई आणि त्यावर पुन्हा व्याज चढे. या असंतोषाचा भडका १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उडाला. शेतकऱ्यांनी सावकारांकडील खते जाळली. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. व्याजाची थकबाकी मुद्दलाहून अधिक वसूल करता येऊ नये, हा ‘दामदुपटी’चा नियमही मुंबई इलाख्यातील न्यायालये मानीत असत.

आजच्या कार्डधारकाला त्या नियमाचा आधार नाही. वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द केला. त्यामुळे दरावर आयोगाची मर्यादा उरलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी मात्र काही संरक्षण दिले आहे. न भरलेली शुल्के व कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज आकारता येत नाही. तसेच थकबाकी नसलेले कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण न केल्यास बँकेला दररोज ५०० रुपये दंड ग्राहकास द्यावा लागतो.

निर्णयापूर्वी काय पाहावे?

हस्तांतर स्वीकारण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी तपासाव्यात : शुल्क आणि करासह एकूण खर्च किती, सवलतीचा दर नेमका कोणत्या तारखेपर्यंत, आणि मासिक हप्ता पगारातून खरोखर निघेल का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असल्यास हस्तांतराने केवळ सावकार बदलतो.

अन्य पर्यायही आहेत. जुन्याच बँकेकडे थकबाकीचे हप्ते पाडून मागता येतात. वैयक्तिक कर्ज किंवा बँकेचे सोनेतारण कर्ज सामान्यतः कार्डाच्या थकबाकीपेक्षा बरेच स्वस्त असते. मात्र सोनेतारणात हप्ते थकल्यास दागिना गमावण्याची जोखीम राहते.

वसुली प्रतिनिधींनी सकाळी आठपूर्वी वा सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तक्रार प्रथम बँकेकडे लेखी नोंदवावी. तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.