उसनी खुर्ची

मे महिना जवळ आला की आमच्या घरी एकच विषय असतो. यंदा कुठं जायचं? पुण्याहून धाकट्या जाऊबाईंचा फोन आला, "ताई, मुलं इमॅजिका म्हणून मागं लागलीत." खोपोलीजवळचं हे उद्यान २०१३ साली सुरू झालं, तेव्हापासून आमच्याकडची पोरं त्याचं नाव काढतात. तारखा ठरल्या, गाडी ठरली. "आणि आत्या?" असं मात्र कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर. एके काळी मोडनिंबहून पंढरपूरला पायी जाऊन यायच्या, आषाढीला आणि कार्तिकीलाही. आता दोन्ही गुडघे गेलेत. घरात काठी टेकत फिरतात, अंगणापर्यंत येतात, त्यापुढं नाही. त्यामुळं दर सुट्टीत ठरलेलं वाक्य, "आत्या काय, घरी थांबतील."

मैत्रिणींनो, म्हातारं माणूस एकटं घरी थांबत नसतं. त्याच्याबरोबर घरातली एक बाई थांबते. ती कोण, हे ठरवायला बैठक बसत नाही. आमच्याकडं गेली चार वर्षं ती मीच आहे. महाबळेश्वरचे फोटो मी बघितलेत, कोकणातले बघितलेत. आत्यांना वाईट वाटायचं, पण ते त्या माझ्यावर चिडून दाखवायच्या. मीही काही संत नाही. भांडी जोरात आपटायची.

बार्शीला त्यांच्या तपासण्या करायला गेलो, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दवाखान्याच्या दारातून एक्स-रेपर्यंत तिथल्या मामांनी त्यांना व्हीलचेअरवरून नेलं. चालताना आत्या फक्त जमिनीकडं बघतात, कुठं फरशी निसटती, कुठं पायरी. खुर्चीत बसल्यावर त्यांनी मान वर केली. भिंतीवरच्या पाट्या, कोण कुणाबरोबर आलंय, कुणी कसली साडी नेसलीय, सगळं बघून घेतलं. परत येताना गाडीत तासभर त्याच गप्पा. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "लांबच्या अंतराला खुशाल वापरा. घरात मात्र चालायचं सोडू नका." एवढंच हवं होतं मला.

आता खुर्ची आणायची कुठून? साधी घडीची खुर्ची पाच-सात हजारांच्या आसपास मिळते. पण दोन दिवसांसाठी कोण घेणार? शहरांत याची सोय आहे. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या जनकल्याण समितीची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी आहेत. तिथं अनामत ठेवून व्हीलचेअर, वॉकर, कॉट, कमोडची खुर्ची नाममात्र भाड्यानं मिळते. काही गावांत रोटरी नि लायन्स क्लबही असं सामान देतात. मोठ्या दवाखान्यांजवळच्या सर्जिकल दुकानांतही भाड्यानं मिळते. आमच्यासारख्या गावात मात्र पहिली चौकशी मेडिकलवाल्याकडं करावी. कुणाच्या घरी काय पडून आहे हे त्याला पाठ असतं. त्यानं औषधाच्या पुड्या बांधता बांधता सांगितलं, "अहो वहिनी, तुमच्या शेजारीच आहे की!"

होती. शेजारच्या काकूंच्या माळ्यावर, जुन्या साडीत गुंडाळलेली. काकांना पक्षाघात झाला तेव्हा घेतलेली. ते जाऊन दोन वर्षं झाली. मला मागायला संकोच आणि काकूंना द्यायला. "गेलेल्या माणसाची खुर्ची कशी गं देऊ? तुझ्या सासूबाई काय म्हणतील?" आपण बायका एकमेकींकडून परात, पाट, पुरणयंत्र, इस्त्री, लग्नात घालायचा हारसुद्धा उसना आणतो. पण या खुर्चीला हात लावायला दोघींनाही धीर होईना. शेवटी काकूंच्या मुलानंच ती खाली काढली.

खुर्ची बघून आत्या म्हणाल्या, "मी न्हाई बसायची. लोक म्हणतील म्हातारीनं हातपाय गाळलं." गेलेल्या माणसाचं त्यांना काही नव्हतं, अडचण जिवंत माणसांची होती. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी भाकरी थापत असताना मागून आवाज आला, "शिर्डीला नेणार असशील तर बसंन. आपल्या गावात न्हाई."

शिर्डीचं नाव निघालं आणि सगळ्यांचंच जमलं. तिथं साईतीर्थ नावाचं भक्तीवर आधारलेलं थीम पार्क आहे आणि शेजारीच पाण्याचं उद्यानही. पोरांना पाणी, आत्यांना बाबा. खोपोली रद्द झाली म्हणून पुतण्या दिवसभर फुगून बसला, तेवढं चालायचंच.

निघण्याआधी खुर्ची सायकलच्या दुकानात नेली, हे फार बरं केलं. मागची मोठी चाकं सायकलसारखीच हवेची होती. त्यांत हवा कमी असेल तर ब्रेक लागत नाही, हे मला तिथं कळलं. ब्रेकची दांडी टायरवरच दाबून बसते, टायर मऊ असेल तर ती नुसतीच टेकते. उतारावर अशी खुर्ची माणसासकट निघून जाईल! पाय ठेवायच्या पट्ट्या दोन्ही आहेत ना तेही बघावं. आमची एक पट्टी माळ्यावरच राहिली होती. खुर्ची घडी घालून गाडीच्या डिकीत बसते का, हे आदल्या दिवशीच बघा. पंधरा-वीस किलोचं धूड असतं ते.

आत्यांच्या हुकुमावरून खुर्ची रात्री अकराला, गल्ली झोपल्यावर गाडीत चढली. पहाटे चारला निघालो. टेंभुर्णी गेलं, करमाळ्याजवळ चहाला थांबलो. आत्या म्हणाल्या, "मला नको." आत्या चहा नको म्हणतात म्हणजे काहीतरी बिनसलंय. नगर येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. मग हळूच विचारलं, "आत्या, तुम्ही पाणी कधी प्यायलात?" तर काल संध्याकाळपासून घोट घेतला नव्हता! वाटेत जावं लागलं तर बसता येणार नाही, उठता येणार नाही, पोराला कसं सांगायचं, म्हणून. मे महिन्याचं ऊन आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई.

मला रडूच आलं. खुर्ची, हवा, ब्रेक, सगळं बघितलं आणि मुख्य गोष्टच विसरले. खाली बसायच्या संडासात गुडघे गेलेल्या बाईनं काय करायचं? पेट्रोल पंपावर, हॉटेलात बहुतेक ठिकाणी तेच. तिथल्याच मेडिकलच्या दुकानात चौकशी केली तर घडीचं कमोडचं स्टूल मिळालं. ते भारतीय पद्धतीच्या भांड्यावर ठेवलं की काम होतं. खुर्ची दारापर्यंत न्यायची, ब्रेक लावायचे, पायाच्या पट्ट्या वर करायच्या, मग हाताला धरून उठवायचं. पट्टीवर उभं राहून उठू देऊ नका, खुर्ची पुढं कलंडते. स्टूल वापरून झाल्यावर आत्यांनी एक लिटर पाणी प्यायलं आणि वर दोन कप चहा. म्हाताऱ्या माणसाला घेऊन निघणार असाल तर खुर्चीच्या आधी या स्टुलाची सोय करा, हे मी आता भेटेल तिला सांगते.

लॉजवर दुसरी गंमत. फोनवर विचारलं होतं, "व्हीलचेअर आहे, चालेल ना?" "सगळी सोय आहे, खालची रूम देतो." गेलो तर दारात तीन पायऱ्या आणि बाजूला स्कूटर चढवायची घसरगुंडी. नियमाप्रमाणं एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार लागतो. इथं चार फुटांत कारभार आटोपलेला. २०१६ सालचा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक वापराच्या इमारती अशा माणसांना वावरता येतील अशा हव्यात म्हणतो, पण तो कायदा या लॉजच्या पायरीपर्यंत काही चढला नव्हता. बाथरूमचं दार दोन फूट, खुर्ची सव्वादोन फूट. प्लास्टिकची खुर्ची आत ठेवून भागवलं. तेव्हा फोनवर "सोय आहे का" असं विचारू नका. "पायऱ्या किती, दार किती इंच, कमोड आहे का" असं विचारा. वाटल्यास मोजून सांगायला लावा.

ढकलण्याचंही शास्त्र आहे. पायरी चढवताना मागच्या नळीवर पाय देऊन पुढची छोटी चाकं उचलायची. उतारावरून खुर्ची नेहमी उलटी उतरवायची, म्हणजे आपण खालच्या बाजूला आणि बसलेल्याची पाठ आपल्याकडं. उचलायची वेळ आली तर हाताच्या दांड्यांना धरू नका, त्या काही खुर्च्यांत निघून येतात. आणि पदर! माझा पदर दोनदा चाकात गेला. आत्या नऊवारीत निर्धास्त.

घडीची ही खुर्ची १९३३ च्या सुमारास अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या दोघा इंजिनिअरांनी बनवली. एव्हरेस्ट स्वतः खाणीतल्या अपघातानंतर अधू झाले होते आणि खुर्ची मोटारीत नेता यावी ही त्यांची गरज होती. गरज असलेला माणूसच ते करू जाणे. नाहीतर अजून आपण लाकडी सिंहासनं ओढत बसलो असतो.

समाधी मंदिरात वृद्धांसाठी वेगळी सोय आहे, दर्शन शांतपणे झालं. साईतीर्थमध्ये आधी फोन करून गेलो होतो. 'तीर्थयात्रा' या राइडला गाडीत बसवून देशातल्या देवळांच्या प्रतिकृतींपुढून नेतात. खुर्चीतून उठून गाडीत बसायचं होतं, त्याला पाच मिनिटं लागली, मागची रांग खोळंबली. कुणी काही बोललं नाही. आत्यांनी प्रत्येक देवळाला हात जोडले, आणि मध्येच माझा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. 'लंकादहन'चा फाइव्ह-डी खेळ आम्ही दोघींनी टाळला. असल्या खेळात हादरे बसतात, मणक्याचा, हृदयाचा त्रास असलेल्यांनी बाहेर बसलेलं बरं. बाहेर बसून आम्ही कुल्फी खाल्ली. चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या सुट्टीत मी घराबाहेर होते.

ज्यांना खुर्ची विकतच घ्यायची आहे त्यांच्यासाठी एक माहिती. राज्य सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. पासष्ट वर्षांवरच्या आणि दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना असं साहित्य घ्यायला खात्यात तीन हजार रुपये, असं तिचं स्वरूप. सध्या अर्ज घेतात का, ते जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्यावं.

परत आलो तेव्हा भर दुपार होती. गल्लीत सगळी दारं उघडी. मी म्हटलं, "आत्या, खुर्ची नंतर काढू, तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवा." त्या एवढ्या दमल्या होत्या की म्हणाल्या, "आण गं ती हिकडं." आणि बसल्या. समोरच्या ओट्यावरच्या बायका बघत राहिल्या. आत्यांनी त्यांनाच विचारलं, "काय गं, वाळवणं झाली का?"

संध्याकाळी खुर्ची पुसून, प्रसाद घेऊन काकूंकडं गेले. त्यांनी सगळं विचारून घेतलं. कुठं बसवलं, कसं उतरवलं, रांगेत किती वेळ लागला. मग खुर्चीच्या दांडीवरून हात फिरवत म्हणाल्या, "आमच्या ह्यांना आम्ही कुठंच नेलं नाही गं हिच्यातून. दवाखाना नि अंगण, बास. त्यांना एकदा तुळजापूरला जायचं होतं." मला काय बोलावं कळेना. चहा झाला. मी माळ्यावर चढवायला मुलाला बोलवू का म्हटलं, तर म्हणाल्या, "राहू दे खालीच. शाळेतल्या बाईंच्या आईला लग्नाला जायचंय, त्यांनी विचारलंय. तेवढी हवा मात्र भरून ठेव."